चेंबूरच्या गल्लीतील ‘ॲव्हरेज तपासणी’ : बाराशे रुपयांत काय मिळते?

गेल्या पावसाळ्यात माझ्या सात वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकचे ॲव्हरेज घसरत घसरत लिटरला ११.२ किलोमीटरवर आले. चेंबूरहून फोर्टला कामासाठी जाणे-येणे, आठवड्यातून एकदा ठाण्याला आईकडे फेरी आणि इतर किरकोळ कामे मिळून माझी गाडी महिन्याला सुमारे ९०० किलोमीटर चालते. म्हणजे ८० लिटर पेट्रोल, आणि त्या काळच्या सुमारे १०३ रुपयांच्या दराने महिन्याला आठ हजारांहून अधिक खर्च. हाच रस्ता, हीच गाडी आणि चालवणारीही मीच, असे असताना तीन वर्षांपूर्वी हा आकडा तेराच्या पुढे होता. टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरून किलोमीटर लिहून ठेवण्याची माझी सवय जुनी असल्यामुळे यात स्मरणाचा घोटाळा होण्याचा प्रश्न नव्हता. पीयूसी तर नुकतीच विनातक्रार मिळाली होती. अर्थात ती चाचणी उभ्या गाडीचा धूर मोजते; चालती गाडी कुठे अडखळते आहे हे तिला कळण्याचे कारण नाही.

आधी मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तेथे गाडीचे बॉनेटही न उघडता मला नऊ हजारांच्या घरातले अंदाजपत्रक देण्यात आले, ज्यात इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीची) सफाई, इंजिनातील कार्बन काढणे आणि टाकीत ओतायची एक बाटली असे तीन मुख्य खर्च होते. गाडीचे कोणते लक्षण पाहून हे सुचवले, असे विचारल्यावर ‘चाळीस हजार किलोमीटर झाले की सगळेच करतात’ हे उत्तर मिळाले. सगळेच करतात म्हणून मीही करावे एवढा माझा पगार नाही. कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्यानंतर टिळकनगर भागातील एका लहान गॅरेजचा पत्ता दिला. हे परीक्षण त्या गॅरेजच्या ‘ॲव्हरेज तपासणी’ या बाराशे रुपयांच्या सेवेचे आहे. गॅरेजचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ‘गल्लीत आधीच गाडी उभी करायला जागा नाही, त्यात तुम्ही आणखी गर्दी करू नका’ अशी मालकांनीच विनंती केली आहे. नाव ठाऊक नसले तरी येथे वर्णन केलेली तपासणी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून करून घेता येते, आणि माझ्या मते तेच अधिक उपयोगाचे आहे.

सेवेत तीन भाग आहेत. पहिला, गाडी जॅकवर घेऊन चाके, ब्रेक आणि टायर पाहणे. दुसरा, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून इंजिनाचे तापमान आणि सेन्सरची नोंद वाचणे. आणि तिसरा, मालकांनी स्वतः शेजारी बसून अर्धा तास आपले गाडी चालवणे पाहणे. सुटे भाग आणि दुरुस्ती यांचे पैसे अर्थातच वेगळे. सकाळी नऊची वेळ दिली असताना काम साडेदहाला सुरू झाले, आणि तोवर एका उपड्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्याशिवाय बसायला काही नव्हते, हेही आताच नोंदवून ठेवते.

मी गेले तेव्हा मालकांनी गाडीला हात लावण्याआधी एक गोष्ट केली, जी मला कोणत्याही सर्व्हिस सेंटरमध्ये दिसलेली नाही. गाडी नुकतीच चालून आलेली असल्यामुळे त्यांनी चारही चाकांच्या रिमजवळ हाताची उलटी बाजू नेऊन पाहिली आणि मलाही तसे करायला सांगितले. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर कोमट वाटत होते. डाव्या चाकाजवळ मात्र चटका बसेल इतकी धग होती. “ताई, तुमचं पेट्रोल इथे जळतंय,” ते म्हणाले. जॅकवर घेतल्यावर उजवे चाक हाताने ढकलताच सहज फिरत राहिले, तर डावे अर्धा वेढा घेऊन थांबले. ब्रेकच्या पॅडला डिस्कवरून मागे सरकू देणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून जागीच धरल्या होत्या, त्यांवरचे रबर फाटून आत पाणी गेले होते, आणि पेडलवरचा पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला घासत राहत होता. मी गेले कित्येक महिने अर्धवट ब्रेक दाबलेली गाडी चालवत होते, आणि ‘इंजिन म्हातारे झाले’ अशी स्वतःची समजूत घालत होते.

समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि रस्त्यावर साचलेले गढूळ पाणी यांमुळे मुंबईत ब्रेकचे हे दुखणे सर्रास आढळते, असे मालकांचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे. मागच्या चाकांतही याच जातीचा, पण सौम्य दोष निघाला. पावसाळ्यात सलग सुट्ट्या आल्या की मी सोसायटीच्या आवारात हँडब्रेक ओढून गाडी पाच-सहा दिवस उभी ठेवत असे. ओल्या ड्रममध्ये ब्रेकचे शू चिकटून बसतात आणि पहिल्या दिवशी गाडी पुढे घेताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो मी ऐकून सोडून देत असे. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला विटेचा तुकडा लावावा आणि हँडब्रेक मोकळा सोडावा, हा त्यांचा सल्ला बिनखर्चाचा आहे. पुढच्या दोन्ही कॅलिपरची दुरुस्ती, रबरांचा संच आणि मजुरी धरून, २,४०० रुपयांत झाली. खड्ड्यांनी बिघडलेले व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्यांनी दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून ९०० रुपयांत करून आणले, कारण ते यंत्र त्यांच्याकडे नाही.

टायरमधील हवेच्या बाबतीत मात्र माझे आणि मालकांचे पटले नाही. चारही टायरमध्ये हवा २६ ते २९ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) दरम्यान निघाली, तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर माझ्या गाडीसाठी ३३ सांगतो. येथपर्यंत मतभेद नव्हता. परंतु ‘मुंबईच्या खड्ड्यांना जरा कडक हवा बरी’ म्हणून त्यांच्या पोऱ्याने ती ३६ केली, आणि तीही नायट्रोजन. हवा प्रमाणाबाहेर भरली की टायर मध्यभागीच टेकतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनला अधिक बसतो. स्टिकरवरचा आकडा कंपनीने या सगळ्याचा तोल सांभाळूनच दिलेला असतो. नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतही तो सुमारे ७८ टक्के असतोच, आणि पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट मिळते. मी ती ३३ करून घेतली. पोऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी वडापावातली चटणी काढायला सांगत आहे.

हवेमुळे किती पेट्रोल वाचते याविषयी फार वाढवून सांगितले जाते, म्हणून येथे जरा थांबते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेला ठोकताळा असा, की चारही टायरमधील सरासरी दाब १ पीएसआयने घटला तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. माझी तूट सरासरी साडेपाच पीएसआय होती, म्हणजे नुकसान एक टक्क्याच्या थोडे वर. महिन्याला एक लिटरसुद्धा नाही. तरीही हवा दर पंधरा दिवसांनी पाहावी असे मी म्हणेन, कारण कमी हवेच्या टायरची झीज आणि तो तापून फुटण्याची भीती या गोष्टी पेट्रोलच्या हिशेबात येत नाहीत. या तपासणीनंतर मी ६०० रुपयांचे हातातले हवामापक घेतले. एका पंपावरचे मापक त्याच्याशी ताडून पाहिले, तर चार पीएसआयचा फरक निघाला. मोजणी सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना करावी. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार अंकांनी चढलेला दिसतो आणि आपण उगाच हवा सोडून देतो.

एअर फिल्टर काळाकुट्ट झाला होता. तो बदलताना मालक म्हणाले, की याने ॲव्हरेज वाढेल असे मी सांगणार नाही, पिकअप मात्र सुधारेल. या एका वाक्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या, जुन्या गाड्यांत कोंडलेल्या फिल्टरमुळे पेट्रोल जास्त जात असे. आताच्या गाड्यांत संगणक आत येणाऱ्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे घाणेरड्या फिल्टरने गाडीचा जोर कमी होतो, खप फारसा वाढत नाही. फिल्टर विकणाऱ्याने हे स्वतःहून सांगणे दुर्मीळ आहे. टाकीत ओतायच्या बाटलीविषयीही त्यांनी नकारार्थी मान हलवली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि द्रव्ये तपासली असून मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही तिला आढळलेले नाही, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. पण ‘वीस वर्षांत एकाही गाडीला फरक पडलेला पाहिला नाही’ हा त्यांचा अनुभव त्याच दिशेचा होता. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच होते. स्कॅनरवर इंजिनाचे तापमान योग्य तेथे चढत होते, म्हणजे ते तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि सेन्सर ठीक. डिकीतून मात्र गणपतीच्या मखराची लोखंडी चौकट आणि फरशीचे तीन तुकडे निघाले. अनंत चतुर्दशी होऊन महिना उलटला तरी मी ते ठाण्याला नेऊन-आणत होते. पंचेचाळीस-पन्नास किलो वजनाला सुमारे एक टक्का पेट्रोल जाते असा हिशेब आहे.

आता तिसऱ्या भागाविषयी, ज्यासाठी मी हे बाराशे रुपये पुन्हाही देईन. दुरुस्तीनंतर लगेच न जाता मी पंधरा दिवस नेहमीसारखीच गाडी चालवली, जेणेकरून दुरुस्तीचा आणि चालवण्यातील सुधारणेचा परिणाम वेगवेगळा मोजता यावा. तेवढ्यात ॲव्हरेज ११.२ वरून १२.४ झाले. मग एका शनिवारी मालक शेजारी बसले आणि आम्ही पांजरापोळच्या बोगद्यातून ईस्टर्न फ्रीवेवर चढलो.

पहिली चूक त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच काढली. मी पुढच्या रिक्षाच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून चालवत होते. ती हलली की ॲक्सिलरेटर, ती थांबली की ब्रेक. “रिक्षाकडे नका बघू, रिक्षाच्या पुढे काय आहे ते बघा. सिग्नल लाल दिसतोय ना? मग आताच पाय उचला. तिथे जाऊन थांबायचंच आहे, धावत कशाला जायचं?” ऐकायला हे अगदी साधे आहे, पण पंधरा वर्षे गाडी चालवूनही मी ते करत नव्हते. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक दाबताच उष्णता होऊन हवेत जातो. त्यामुळे शहरात पेट्रोल वाचवणे म्हणजे हळू जाणे नसून ब्रेकची वेळ कमी येऊ देणे होय, हे मला त्या अर्ध्या तासात चेंबूर नाक्यावर कळले. दोन गाड्यांमध्ये अंतर सोडले की मुंबईत तिसरी गाडी घुसते, हा आक्षेप मीही घेतला. घुसते, हे खरेच आहे. परंतु दिवसाला अशा दहा गाड्या घुसल्या तरी आपण दहा गाड्यांच्या लांबीइतकेच, म्हणजे पन्नास-साठ मीटर, मागे पडतो.

फ्रीवेवर मी सवयीने ८५ च्या आसपास जात असे. मोकळ्या मिळणाऱ्या सुमारे १४ किलोमीटरला त्या वेगाने दहा मिनिटे लागतात आणि ६५ च्या वेगाने तेरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ८५ ला तो ६५ च्या तुलनेत सुमारे ७० टक्के अधिक असतो, आणि वाचवलेली तीन मिनिटे पी. डिमेलो रोडला उतरताना लागलेल्या रांगेत उभे राहून परत करावी लागतात. ज्याला ही रांग ठाऊक आहे त्याला आणखी समजावण्याची गरज नाही.

सिग्नलला इंजिन बंद करावे की नाही, यावर घराघरांत वाद आहेत. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, जी १९७८ पासून इंधनबचतीचा प्रचार करते, ती थांब्याला इंजिन बंद करण्याचाच सल्ला देते. उभ्या गाडीचे लहान इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते, आणि आजच्या इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला दहा सेकंद उभे राहण्याइतकेही पेट्रोल लागत नाही. त्यामुळे आकडे दाखवणाऱ्या सिग्नलवर तीसहून अधिक सेकंद शिल्लक दिसले तर मी आता इंजिन बंद करते. मात्र चढावर करत नाही, बॅटरी जुनी असेल तर करू नये, आणि मे महिन्यातल्या दुपारी एसी बंद पडल्यावर माझा हा निग्रह टिकेल असे वचनही देत नाही. सकाळी गाडी ‘गरम करण्यासाठी’ पाच मिनिटे चालू ठेवण्याची आमच्या सोसायटीतील प्रथा तर मुंबईच्या हवेत निखालस निरर्थक आहे. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवावे.

याच फेरीत मालकांचे एक मत मला खोडून काढावे लागले. फ्रीवेवरून खाली उतरताना त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितले, कारण ‘उतारावर इंजिनाला त्रास कशाला’. खंडाळ्याच्या घाटात असे करणारे अनेक जण मी पाहिले आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात काही तथ्य असेलही, पण इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सोडत राहावे लागते. शिवाय घाटात इंजिनाचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. वाद घालण्याऐवजी मी त्यांना स्कॅनर जोडूनच परतीची फेरी करू या असे सुचवले. उतारावर चौथ्या गिअरमध्ये पाय काढताच पडद्यावर पेट्रोलचा आकडा शून्य झाला, आणि न्यूट्रल करताच परत वर आला. त्यांनी तो दोनदा करून पाहिला. “मशीन खोटं नाही बोलणार,” एवढेच म्हणाले, आणि नंतर गॅरेजमध्ये पोऱ्याला ते माझ्यासमोर समजावून सांगू लागले. चाळिशी ओलांडलेल्या कारागिराने ग्राहक बाईचे म्हणणे तपासून पाहून मान्य करणे, याला मी या परीक्षणात वेगळे गुण देते. (एरवी गाडी माझी आणि चालवते मी, तरी दोष काय निघाला हे बहुतेक ठिकाणी माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितले जाते.)

एसीबद्दल त्यांचा सल्ला व्यवहारी आहे. उन्हात तापलेली गाडी निघताना दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरती ठेवावी. फ्रीवेवर काचा उघड्या ठेवून एसी वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. पावसात काच धुरकटली की एसी लागणारच, तेथे बचतीचा विचार नको.

पेट्रोलमधील इथेनॉलचा विषय निघाल्याशिवाय आजकाल कोणतीही ॲव्हरेजची चर्चा पूर्ण होत नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता पंपावर तेच मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे मायलेज काही प्रमाणात घटणे अटळ आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट ६ ते ७ टक्के, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के असेल असा अंदाज दिला आहे. माझी गाडी २०१८ ची, म्हणजे बीएस-४ या आधीच्या प्रदूषण-निकषांच्या काळातील, त्यामुळे नुकसानीचा काही वाटा या पेट्रोलचा आहे हे मी गृहीत धरते. पण ते गृहीत धरले म्हणूनच मी कित्येक महिने दुसरे कारण शोधले नाही, हेही तितकेच खरे. मालकांच्या भाषेत सांगायचे तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी चाक फिरवून बघावे.

आता हिशेब. चालवण्याची पद्धत बदलल्यानंतरच्या तीन टाक्यांची सरासरी १३.५ आली. ९०० किलोमीटरला पूर्वी ८०.४ लिटर लागत. नुसत्या दुरुस्तीनंतर ७२.६ आणि चालवणे सुधारल्यावर ६६.७. म्हणजे महिन्याला सुमारे १४ लिटर, १,४०० रुपये, आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो या मापाने तीस किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला. गॅरेजचा एकूण खर्च ४,५०० रुपये झाला, त्यात एअर फिल्टर धरलेला नाही, कारण तो बदलायचाच होता. सगळी बचत गॅरेजच्या खात्यावर टाकली तर साडेतीन महिन्यांच्या आत पैसे वसूल होतात. परंतु प्रामाणिकपणे केवळ दुरुस्तीची बचत धरली, तर महिन्याला सुमारे ८०० रुपयांप्रमाणे साडेपाच महिने लागतात. आणखी एक सावधगिरीची सूचना अशी, की माझे आधीचे मोजमाप पावसाळ्यातील आहे आणि नंतरचे नोव्हेंबर-डिसेंबरमधील, जेव्हा एसी कमी लागतो. त्यामुळे १३.५ मधला थोडा वाटा थंडीचा आहे. मे महिन्यात हा आकडा तेराच्या खाली गेला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

उणिवा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. तपासणीचा लेखी अहवाल मिळत नाही. जे काही आढळले ते तोंडी सांगितले जाते आणि लक्षात ठेवणे आपल्यावर असते. मी स्वतः वहीत लिहिले म्हणून हे परीक्षण लिहू शकले. वेळ पाळली जात नाही. पहिल्या वेळी पावती मागितल्यावर पाकिटाच्या मागे तीन आकडे लिहून मिळाले. जुना सुटा भाग आपण मागितला तरच दाखवतात, जरी मागितल्यावर खळखळ करत नाहीत. डिझेल आणि सीएनजीच्या गाड्या ते या सेवेत घेत नाहीत, आणि ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी बाहेर ब्रेक उघडून घेण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचाव्यात. गाडी नवी असेल, ॲव्हरेज स्थिर असेल आणि नुसतीच उत्सुकता असेल, तर येथे बाराशे रुपये घालवण्याचे कारण नाही; त्यापेक्षा हवामापक घ्यावे. ज्यांचे ॲव्हरेज वर्षभरात दहा टक्क्यांहून अधिक घसरले आहे आणि ज्यांना ‘इंजिन साफ करा’ एवढेच उत्तर मिळत आहे, त्यांना मात्र अशा तपासणीचा निश्चित उपयोग होईल. आपल्या मिस्त्रीला एवढेच सांगावे: गाडी चालवून आणल्यावर रिमला हात लावून पाहा, आणि मग चारही चाके जॅकवर फिरवून दाखवा.

फोर्टला एकटीनेच जायचे असेल त्या दिवशी मी आता बहुधा हार्बर लोकल पकडते. तिचे ॲव्हरेज कोणत्याही मिस्त्रीला गाठता येणार नाही, हे मालकांनीच हसत सांगितले होते. त्यामुळे महिन्याचे ९०० किलोमीटरही हळूहळू सातशेवर येत आहेत. वरच्या हिशेबात तो फायदा मी धरलेला नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. गेल्या आठवड्यात मागच्या ब्रेकची दुसरी पाहणी करायला गेले, तेव्हा बसायला प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि निघताना छापील पावतीपुस्तकातली पावतीही मिळाली. तिच्यात नायट्रोजनचे चाळीस रुपये लावले होते. ते मी खोडायला लावले.